बसचा रंग आणि बसची मालकी

सार्वजनिक बसच्या रंगावरून प्रवाशाला तीन गोष्टी कळू शकतात: बस कोणाची आहे, कोणत्या दर्जाची व भाड्याची आहे आणि कुठे जाणारी आहे. पहिल्या दोन गोष्टी रंगावरून ओळखण्याची सवय महाराष्ट्रात जुनी आहे. तिसरी गोष्ट इथे पाटीवर किंवा क्रमांकावर सोपवली गेली, रंगावर क्वचितच. विजेवरच्या बस आल्यापासून या यादीत चौथी गोष्ट शिरली आहे, ती म्हणजे बस कशावर चालते. नव्या बसच्या अंगावर हिरवी पाने, विजेची खूण आणि प्रदूषणमुक्तीची ग्वाही ठळकपणे रंगवलेली असते. प्रवाशाच्या दृष्टीने या चार गोष्टींत सर्वांत कमी उपयोगाची माहिती हीच आहे. त्यातच विजेच्या बसबरोबर मालकीची आणि जबाबदारीची सगळी घडी बदलली आहे, आणि त्या बदलाबद्दल बसच्या अंगावर फारसे काही लिहिलेले नसते.

राज्य परिवहनाची (एसटीची) पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर धावली. ती लाल नव्हती. तिचे अंग निळे आणि टप चंदेरी होता. सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्डच्या ३० गाड्या होत्या, लाकडी बांधणीच्या आणि काथ्याच्या आसनांच्या. बसला नाव देऊन तिचा वेगळा दर्जा ठसवण्याची कल्पनाही हल्लीच्या जाहिरात संस्थांची नाही. १९५०च्या दशकाच्या आरंभीच पुणे–महाबळेश्वर मार्गावर मॉरिस कमर्शियलच्या सांगाड्यावर बांधलेल्या दोन आरामबस धावत असत. त्यांची नावे ‘नीलकमल’ आणि ‘गिरिआरोहिणी’. त्यांना खिडक्यांना पडदे, आत घड्याळ आणि हिरवट काचा होत्या. साधी बस पुढे लाल झाली आणि इतकी रुजली की रंग हेच तिचे नाव ठरले. वैतागलेला प्रवासी तिला ‘लाल डबा’ म्हणतो आणि एसटी महामंडळाचे कौतुक करणारा ‘लाल परी’, पण दोघांच्याही डोळ्यांसमोर गाडी तीच असते.

१९८२च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांनंतर आलेल्या निमआराम बसला लोकांनी ‘एशियाड’ म्हणायला सुरुवात केली. तिचा हिरवा-पांढरा रंग लाल बसच्या शेजारी उभा राहिला आणि एसटीच्या स्थानकावर रंगांची एक सोपी लिपी तयार झाली. लाल म्हणजे साधी, हिरवी-पांढरी म्हणजे थोड्या जास्त भाड्याची आणि कमी थांबे घेणारी. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला पाटी वाचता येण्याआधी, वळणावरच, हात करायचा की नाही हे ठरवता येई. अक्षरओळख नसलेल्या प्रवाशालाही ही लिपी वाचता येत होती, आणि ज्या महामंडळाचे बरेचसे काम ग्रामीण भागात चालते त्याच्या बाबतीत हा गुण किरकोळ मानता येणार नाही.

नंतर नावांची गर्दी झाली. परिवर्तन, हिरकणी, शिवनेरी, अश्वमेध, यशवंती, २०१७ मध्ये शिवशाही, पंढरीच्या विठ्ठलाचे चित्र अंगावर घेतलेली विठाई आणि २०२२ मध्ये विजेवरची शिवाई. प्रत्येक नावामागे नवा रंग, नवे चित्र आणि बहुतेक वेळा एक समारंभ. ही सर्व नावे वाहनाची आहेत. कोणतेही नाव मार्गाचे नाही, वेळापत्रकाचे नाही, किती मिनिटांनी गाडी मिळेल याचे नाही. अपवाद म्हणावा तर शिवनेरीचा. दादर–पुणे मार्गावर ती ठरावीक अंतराने, दिवसभर सुटत राहिली, म्हणून ‘शिवनेरीने जाऊ’ या म्हणण्यात गाडी, मार्ग आणि तिची हमी तिन्ही आले. हे रंगाचे यश नव्हते. तीच आलिशान गाडी दिवसातून दोनदा सुटली असती तर तिचे नाव आज कोणाला आठवले नसते. शिवशाहीच्या बाबतीत उलट झाले. रंग आकर्षक होता, पण काही गाड्या महामंडळाच्या आणि काही खासगी पुरवठादारांच्या होत्या, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत. बंद पडलेल्या किंवा अपघातग्रस्त गाडीचा दोष प्रवाशाने साहजिकच पूर्ण नावाला लावला.

मुंबईची परंपरा निराळी आहे. बेस्टची पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली आणि १९३७ मध्ये दुमजली बस आली. इथे बसला नाव देण्यापेक्षा मार्गाला क्रमांक देण्यावर भर राहिला. पुढच्या बाजूला देवनागरी अंक, बाजूला इंग्रजी अंक, ‘मर्यादित’ गाडीची वेगळी खूण. मुंबईकर ‘लाल बसने’ जात नाही, तो ‘६६ने’ किंवा ‘२०२ने’ जातो. मार्गाची ओळख म्हणजे काय याचे हे उत्तम उदाहरण आहे आणि त्यासाठी रंगाचा एक थेंबही खर्च झालेला नाही. बेस्टने जेव्हा वाहनाची ओळख विकण्याचा प्रयत्न केला तेव्हा फळ चांगले आले नाही. जांभळ्या रंगाच्या वातानुकूलित किंग लाँग बस थाटात आल्या, सतत नादुरुस्त राहिल्या आणि २०१७ मध्ये बंद झाल्या. याउलट जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपये आणि वातानुकूलित बसचे ६ रुपये केले तेव्हा प्रवासी परतले. त्या वेळी बसचा रंग बदलला नव्हता. मे २०२५ मध्ये हेच दर अनुक्रमे १० आणि १२ रुपये झाले.

विजेवरची वाहतूकही मुंबईला नवी नाही, हे जाता जाता नोंदवायला हवे. १९०७ मध्ये या शहरात विजेची ट्राम सुरू झाली आणि ती ३१ मार्च १९६४ पर्यंत चालली. १९६२ ते १९७१ या काळात तारांवरून वीज घेणारी ट्रॉलीबसही होती. ज्या बेस्ट उपक्रमाच्या नावातच वीजपुरवठा आणि वाहतूक एकत्र आहेत त्याने डिझेलकडून विजेकडे जाणे हे एका अर्थाने जुन्या वाटेवर परतणे आहे. फरक इतकाच की ट्राम उपक्रमाची स्वतःची होती.

मार्गाची ओळख रंगाने देण्याचे प्रयोग जगात झाले आहेत आणि त्यांतले काही फार यशस्वी ठरले. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७० च्या दशकापासून बसचे काम आणि बसचा रंग यांची सांगड घातली. राखीव मार्गिकेवरची जलद बस लाल, उपनगरांना एकमेकांशी जोडणारी हिरवी, मुख्य स्थानकाला प्रवासी आणून देणारी नारिंगी, मोजके थांबे घेणारी चंदेरी. दक्षिण कोरियाच्या सोल शहरात १ जुलै २००४ रोजी संपूर्ण बसव्यवस्था एका दिवसात बदलली गेली. लांबच्या मुख्य रस्त्यांवर निळी, स्थानिक हिरवी, उपनगरांतून येणारी लाल, मध्यवर्ती भागात फेऱ्या मारणारी पिवळी. पहिले काही दिवस गोंधळ उडाला, पण व्यवस्था टिकली. त्याचे कारण असे की रंग बदलण्याआधी मार्ग नव्याने आखले होते, खासगी चालकांना पैसे देण्याची पद्धत बदलली होती, एक तिकीट सर्वत्र चालू लागले होते आणि रस्त्याच्या मधोमध बसची मार्गिका झाली होती. रंग या सर्व बदलांची खूण म्हणून आला. बेंगळुरूने २००९ च्या सुमारास शहरातून बाहेर जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांसाठी ‘बिग १०’ सेवा सुरू केली आणि क्रमांकाआधी ‘जी’ हे अक्षर लावले, तेही याच जातीचे पाऊल होते.

मार्गाचा रंग टिकवणे मात्र कठीण असते. आगारप्रमुखाला सकाळी जी बस धावण्याजोगी असेल ती उपलब्ध मार्गावर पाठवावी लागते. एका मार्गाच्या नावाने सजवलेली बस दुसऱ्याच मार्गावर धावू लागली की ती काहीही न सांगणाऱ्या बसपेक्षा वाईट ठरते, कारण ती चुकीचे सांगते. लंडनने २०१७ मध्ये बार्किंगसाइड परिसरात मार्गनिहाय रंगांचा प्रयोग करून पाहिला, पण तो शहरभर पसरला नाही.

इथे विजेच्या बसने एक नवी शक्यता आणली आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. डिझेलची बस कोणत्याही पंपावर भरून कुठेही धाडता येते. विजेची बस तिच्या आगारातील चार्जरला, चार्जिंगच्या वेळेला आणि एका भरणीत कापता येणाऱ्या अंतराला बांधलेली असते. म्हणून तिच्या फेऱ्या आधीच ठरवाव्या लागतात आणि ती रोज जवळजवळ त्याच मार्गांवर धावते. ज्या अडचणीमुळे मार्गाची सजावट अव्यवहार्य ठरत होती ती अडचण विजेमुळेच बरीचशी कमी होते. मुंबई, पुण्यात मोजक्या, दाट वर्दळीच्या मार्गांवर पूर्ण ताफा विजेचा करून त्या मार्गांना ठळक ओळख द्यायची असेल तर तांत्रिकदृष्ट्या यापेक्षा योग्य वेळ येणार नाही. प्रत्यक्षात मात्र सजावटीची जागा मार्गाऐवजी इंधनाच्या जाहिरातीला आणि उरलेली जागा व्यापारी जाहिरातींना दिली जाते. कित्येक बसच्या खिडक्यांवरही जाहिरातीचा चिकटकागद येतो आणि आतल्या माणसाला बाहेरचा थांबा धूसर दिसतो. उत्पन्नासाठी जाहिरात घ्यावी लागते हे मान्य, पण काच सोडून घ्यावी.

इंधनाची जाहिरातही निम्मी खरी आहे. विजेच्या बसला धुराडे नसते, त्यामुळे ती जिथे धावते तिथल्या हवेत तिचा धूर मिसळत नाही आणि आवाजही कमी होतो. दाट वस्तीच्या शहरात हा लाभ मोठा आहे. पण महाराष्ट्रातील वीज मोठ्या प्रमाणात चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांतून, कोळसा जाळून येते. ‘शून्य प्रदूषण’ हे शब्द दादरमध्ये खरे असले तरी चंद्रपूरकराने ते बसवर वाचले तर तो हसेल. शिवाय पन्नास-साठ माणसे नेणारी कोणतीही बस, डिझेलची असली तरी, तितकीच माणसे नेणाऱ्या मोटारींपेक्षा रस्ता आणि इंधन दोन्ही वाचवते. पर्यावरणाचे श्रेय बसपणाला आहे, बॅटरी त्यात भर घालते. हिरव्या पानांची चित्रे फक्त विजेच्या बसवर काढून जुन्या लाल बसला नकळत गुन्हेगार ठरवले जाते.

आता मालकीकडे. विजेची बस डिझेल बसच्या दुपटीहून अधिक किमतीची असते. तोट्यातल्या परिवहन संस्थांना ती विकत घेणे जमत नाही, म्हणून केंद्राच्या अनुदान योजनांनी वेगळा मार्ग रूढ केला. बस उत्पादकाची किंवा त्याच्या भागीदार कंपनीची, चालक तिचाच, देखभाल तिचीच. परिवहन संस्था प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेली रक्कम देते, तिकिटाचे पैसे स्वतः घेते आणि मार्ग ठरवते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली १०,००० बसची ‘पीएम ई-बस सेवा’ योजना याच पायावर उभी आहे. परिवहन संस्था पैसे थकवतील या भीतीने कंपन्या पुढे येईनात, तेव्हा २०२४ मध्ये केंद्राला ३,४३५ कोटी रुपयांची देयक-हमी योजनाही आणावी लागली.

या पद्धतीला तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. तिने एक जुना रोग बरा केला आहे. दिल्लीत १९९२ मध्ये खासगी बसना परवाने दिले गेले तेव्हा त्या ‘रेडलाइन’ नावाने लाल रंगात धावू लागल्या. मालकाची कमाई तिकिटावर असल्याने प्रवासी पळवण्यासाठी बसच्या शर्यती लागत आणि माणसे चिरडली जात. ओरड वाढली तेव्हा बस निळ्या रंगवण्यात आल्या आणि नाव ‘ब्लूलाइन’ झाले. माणसे मरतच राहिली, कारण कमाईची रीत तीच होती. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास त्या बस रस्त्यावरून हटू लागल्या तेव्हा कुठे तो अध्याय संपला. किलोमीटरमागे पैसे देण्यात शर्यतीचे कारण उरत नाही. उरतो तो दुसरा दोष: थांब्यावर प्रवासी उभे असोत वा नसोत, कंपनीचे उत्पन्न सारखेच. बस थांबली का, वेळेवर आली का, चालक प्रशिक्षित आहे का, हे सर्व परिवहन संस्थेने तपासायचे असते.

लंडनमध्ये हे तपासणे काटेकोर आहे. तिथल्या बस १९९० च्या दशकापासून खासगी कंपन्या चालवतात, पण रंग लालच असतो आणि प्रवाशाला ठरल्यापेक्षा किती जास्त थांबावे लागले यावर कंपनीचा मोबदला वाढतो किंवा कमी होतो. तिथे लाल रंग हे एक वचन आहे आणि त्याच्या मागे मोजपट्टी आहे. मँचेस्टरने तर सप्टेंबर २०२३ पासून अनेक कंपन्यांच्या रंगीबेरंगी बस टप्प्याटप्प्याने एकाच पिवळ्या रंगात आणल्या. त्याआधी मार्ग, भाडे आणि वेळापत्रक ठरवण्याचा अधिकार सार्वजनिक यंत्रणेने कंपन्यांकडून परत घेतला होता. आधी अधिकार, मग रंग, हा क्रम महत्त्वाचा आहे.

मुंबईत क्रम उलटा झाला. २०१९ मध्ये बेस्टच्या कामगार संघटनेशी झालेल्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ बस कायम ठेवण्याचे ठरले होते. पुढच्या काही वर्षांत जुन्या बस भंगारात गेल्या, नव्या विकत घेतल्या गेल्या नाहीत आणि स्वतःच्या बसची संख्या हजाराच्या खाली आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली वातानुकूलित दुमजली बसही भाडेतत्त्वावरचीच होती. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला जुनी डिझेलची दुमजली बस निरोप घेत होती तेव्हा शहर हळवे झाले, पण निरोप मालकीलाही दिला जात होता याची चर्चा कमी झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारवाढीसाठी काम थांबवले आणि आठवडाभर शेकडो बस आगारातच उभ्या राहिल्या. थांब्यावरचा प्रवासी बेस्टला दोष देत होता, कारण बसवर बेस्ट लिहिले होते. वेतनाच्या चिठ्ठीवर मात्र वेगळे नाव होते. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात विजेवरची बस गर्दीत घुसून अनेकांचे प्राण गेले, तेव्हा हाच प्रश्न भीषण रूपात पुढे आला. गिअर आणि क्लच नसलेली, पाय ठेवताच पूर्ण जोर लावणारी बस हाती देण्याआधी कंत्राटी चालकाला किती दिवस शिकवले गेले, आणि ते कोणी पाहायचे होते? बसचा लाल रंग याचे उत्तर देऊ शकत नव्हता.

एसटीपुढचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. १ जून २०२२ रोजी, पहिल्या बसला ७४ वर्षे पूर्ण होत असताना, त्याच पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली शिवाई धावली. मे २०२३ मध्ये विजेवरची शिवनेरी ठाणे–पुणे मार्गावर आली. बोरघाट उतरताना ब्रेकची ऊर्जा बॅटरीत परत जाते, त्यामुळे घाटाचा रस्ता विजेच्या बसला वाटतो तितका प्रतिकूल नाही. २०२३ मध्येच ५,१५० ई-बस भाडेतत्त्वावर घेण्याचा मोठा करार झाला. बस ठरलेल्या वेगाने आल्या नाहीत आणि मे २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी तो रद्द करण्याचे निर्देश दिले. इतक्या मोठ्या प्रमाणावर एकाच पुरवठादारावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हते, हे कळायला दोन वर्षे लागायला नको होती.

मात्र पुरवठ्यापेक्षा खोल अडचण मुक्कामी गाडीची आहे. हजारो गावांत एसटीची शेवटची बस रात्री येते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच बस विद्यार्थी, रुग्ण, बाजारकरू यांना घेऊन तालुक्याला निघते. त्या गावात चार्जर नाही आणि एका बससाठी तो बसवणे परवडणारे नाही. विजेची बस रात्री आगारात परतलीच पाहिजे. त्यामुळे ई-बस आधी शहरा-शहरांतील, वातानुकूलित, जास्त भाड्याच्या मार्गांवर जाते. ते तांत्रिकदृष्ट्या समजण्याजोगे आहे. पण याचा परिणाम असा की नवी, गुळगुळीत, सुंदर रंगवलेली बस महामार्गावर दिसते आणि पत्रा खडखडणारी लाल बस गावाला उरते. पूर्वी रंगांचा फरक भाड्यापुरता होता. आता तो भांडवल कुठे गुंतवले जाते हेही दाखवू लागला आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आणि त्याआधीपासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाल्याने एसटीची गर्दी वाढली. ही गर्दी बहुतांशी जुन्याच लाल गाड्यांनी वाहिली.

या सर्वांतून बसच्या अंगावर काय असावे याबद्दल काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. मूळ रंग संस्थेचा असावा आणि दर काही वर्षांनी, मंत्री किंवा पुरवठादार बदलला म्हणून, तो बदलू नये. दर्जाचे रंग दोन-तीनच असावेत आणि ते भाड्याशी जुळलेले असावेत. मार्गाची ओळख पाटीवर, क्रमांकात आणि थांब्यावर असावी. सरकणाऱ्या विजेच्या पाटीवर क्रमांक सतत स्थिर राहावा, कारण नाव मराठीतून इंग्रजीत जाईपर्यंत बस निघून गेलेली असते. दारापाशी, चढणाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरांत, बस कोणाच्या मालकीची, चालक कोणाच्या नोकरीत, कोणत्या आगाराची आणि तक्रार कुठे करायची हे असावे. बस कशावर चालते हे अग्निशमन दलाला कळावे म्हणून एक छोटी, प्रमाणित खूण पुरेशी आहे.

यातले शेवटून दुसरे कलम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टाळले जाणारे आहे. त्यासाठी नवी बस लागत नाही, अनुदान लागत नाही, निविदेत एक ओळ लागते. बेस्ट, पुण्याची पीएमपी आणि एसटी यांच्या पुढच्या प्रत्येक ई-बस करारात ती ओळ असावी, आणि रंगाच्या नमुन्याला मंजुरी देण्याआधी प्रवाशाला किती वेळ थांबावे लागते हे मोजण्याची व दंडाची अट त्याच कागदावर लिहिलेली असावी.